एचव्हीडीसीचा इन्व्हर्टर आणि सीमाभागातल्या लाइनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातले हे प्रश्न आहेत. उद्यमबाग-मच्छे भागात फर्नेसचं पॅनेल सांभाळणारे लोक, साखर कारखान्याच्या को-जनवर (कारखान्यातल्या वीजनिर्मितीवर) शिफ्ट करणारे आणि इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं हे प्रश्न आलटून पालटून विचारतात. एचव्हीडीसी म्हणजे खूप मोठ्या व्होल्टेजच्या डीसीने वीज नेणं. ज्या टोकाला एसीचं डीसी होतं तो रेक्टिफायर, ज्या टोकाला डीसीचं परत एसी होतं तो इन्व्हर्टर. गणित अगदी थोडं आहे. जे आहे ते टाळून पुढे जाऊ नका, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्या भागातून एचव्हीडीसी लाइन जाते का?

नाही. आपल्याकडे शेतातून, घाटातून दिसतात त्या मोठ्या लाइनी सगळ्या एसीच्या. विजापूर जिल्ह्यातल्या कुडगीहून कोल्हापूरकडे जाणारी लाइन ७६५ केव्हीसाठी बांधली आणि सुरुवातीला ४०० केव्हीवर चालवली, तीही एसी. कैग्याहून धारवाडजवळच्या नरेंद्रला येणारी ४०० केव्ही लाइन एसी, कोल्हापूर-चिक्कोडी २२० केव्ही एसी. खानापूरकडचे लोक गोव्याला जाणाऱ्या नरेंद्र-शेल्डे ४०० केव्ही लाइनबद्दल हमखास विचारतात. तिच्यावरून झाडांचा वाद झाला तो वेगळा विषय, पण तीही एसीच.

ओळखायची खूण सोपी आहे. एसीच्या टॉवरवर तारांचे तीन किंवा सहा संच असतात. डीसीच्या टॉवरवर दोनच, एक धन आणि एक ऋण ध्रुवाचा. वर विजेपासून बचाव करणारी बारीक तार असते ती मोजायची नाही.

महत्त्वाची डीसी केंद्रं आपल्यापासून लांब आहेत. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला येणारी ±५०० केव्ही, १५०० मेगावॉटची लाइन ७५२ किलोमीटरची आहे. ओडिशातल्या तालचेरहून आपल्याच राज्यातल्या कोलारला येणारी लाइन २००३ मध्ये २००० मेगावॉटवर सुरू झाली आणि पुढे तिची क्षमता २५०० केली. छत्तीसगडमधल्या रायगडहून तमिळनाडूतल्या पुगलूरला येणारी लाइन ±८०० केव्ही, ६००० मेगावॉटची. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला तर लाइनच नाही, एका आवारात एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी होतं. त्याला बॅक-टू-बॅक म्हणतात.

मग बेळगावात बसून कोलारच्या इन्व्हर्टरची काळजी कशाला?

कारण तो इन्व्हर्टर अडखळला की त्याची वीज कुणीतरी वाहायची असते, आणि त्या "कुणीतरी"मध्ये आपल्या लाइनी येतात.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाशी एका फ्रीक्वेन्सीत जोडली गेली. त्याआधी दक्षिण वेगळी होती. महाराष्ट्राची फ्रीक्वेन्सी एक, कर्नाटकाची दुसरी. त्यामुळे कोल्हापूरकडून येणाऱ्या २२० केव्ही लाइनींचा उपयोगही अर्धाच होता. दोन्ही टोकांना एकाच वेळी ग्रिड जोडता येत नसे. इकडचा एखादा लोड पूर्ण तोडून तिकडच्या बाजूवर टाकायचा, एवढंच करता यायचं. दक्षिणेला बाहेरून मोठी वीज यायची ती भद्रावती, आंध्रातलं गाजुवाका आणि कोलार या डीसी दारांमधून.

याचा फायदा ३१ जुलै २०१२ ला दिसला. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला तेव्हा बेळगावातही लाईट होती आणि कोल्हापुरातही. कारणं मात्र वेगळी. पश्चिमेची ग्रिड, तिला जोडणाऱ्या एसी लाइनी ट्रिप झाल्यामुळे, बाजूला पडली म्हणून वाचली. दक्षिण मुळातच डीसीने जोडलेली होती, आणि डीसीतून फ्रीक्वेन्सीची पडझड आपोआप पलीकडे जात नाही.

तोटाही होता. कोलारचे दोन्ही ध्रुव एकदम ट्रिप झाले की दक्षिणेत दोन-अडीच हजार मेगावॉटचा खड्डा पडायचा. फ्रीक्वेन्सी घसरायची आणि ती सावरायला ठिकठिकाणचा लोड आपोआप तोडणारी खास संरक्षण योजना ठेवावी लागली. आता ग्रिड एक आहे. आता कोलार किंवा पुगलूर बंद पडलं तर तीच वीज क्षणात वाट बदलते आणि पश्चिमेकडून दक्षिणेला येणाऱ्या एसी लाइनींवर चढते: सोलापूर-रायचूर, कोल्हापूर-कुडगी. डीसी लाइन तिच्या कंट्रोलरचं ऐकते. एसी लाइन कुणाचंच ऐकत नाही, इंपीडन्स आणि कोन जिकडे नेतील तिकडे वीज जाते. सीमेवरच्या या लाइनींना किती मोकळी जागा ठेवायची हे ठरवताना "तिकडचा डीसी ध्रुव गेला तर?" हा हिशेब करावाच लागतो.

आमच्या घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरचंच हे मोठं रूप का?

काम तेच, डीसीचं एसी करणं. पण एक फरक इतका मोठा आहे की पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच निघतात. घरातला इन्व्हर्टर लाईट गेल्यावरच कामाला लागतो. त्यातले ट्रान्झिस्टर हवे तेव्हा चालू आणि हवे तेव्हा बंद करता येतात, त्यामुळे तो स्वतःचं व्होल्टेज स्वतः तयार करतो. पडघे किंवा कोलारच्या इन्व्हर्टरमध्ये थायरिस्टर आहेत. थायरिस्टर गेटला पल्स देऊन चालू करता येतो. बंद करता येत नाही. त्यातला करंट शून्यावर यावा लागतो आणि नंतर थोडा वेळ उलटं व्होल्टेज मिळावं लागतं, तेव्हा तो बंद होतो. ते उलटं व्होल्टेज पुरवते समोरची एसी ग्रिड. म्हणजे समोर ग्रिड नसेल तर हा इन्व्हर्टर एक मेगावॉटही देऊ शकत नाही.

एक सूचना इथेच. फाउंड्रीत आपण थायरिस्टरला एससीआर म्हणतो. एचव्हीडीसीच्या पुस्तकांत तीच अक्षरं शॉर्ट सर्किट रेशोसाठी येतात. खाली मी दोन्ही नावं पूर्ण लिहिली आहेत, गोंधळ नको.

कम्युटेशन फेल्युअर म्हणजे नेमकं काय होतं?

ज्यांनी पॅरलल प्रकारची जुनी इंडक्शन फर्नेस चालवली आहे त्यांना हे अर्धं माहीतच आहे. त्या फर्नेसच्या इन्व्हर्टरमध्येही थायरिस्टर असतात आणि ते बंद करायचं काम कॉइल आणि कपॅसिटरचं टँक सर्किट करतं. पॅनेलवर टर्न-ऑफ टाइमचं सेटिंग असतं. ते फार कमी केलं की पॉवर थोडी जास्त निघते, पण चार्ज वितळताना कॉइलचं इंडक्टन्स बदललं की एखादा थायरिस्टर वेळेत बंद होत नाही, समोरचा चालू होतो, डीसी बाजू शॉर्ट होते आणि ओव्हरकरंटवर फर्नेस ट्रिप. कोलारला टँक सर्किटच्या जागी कर्नाटकाची ४०० केव्ही ग्रिड आहे. बाकी गोष्ट तीच.

आता नीट पाहू. इन्व्हर्टरच्या पुलात एका व्हाल्व्हकडून (व्हाल्व्ह म्हणजे एकामागे एक जोडलेल्या थायरिस्टरांची रांग) दुसऱ्याकडे करंट सोपवला जातो. ट्रान्सफॉर्मरला रिअॅक्टन्स असल्यामुळे हे क्षणात होत नाही. काही अंश दोन्ही व्हाल्व्ह एकत्र वाहतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. ओव्हरलॅप संपल्यापासून व्होल्टेज पुन्हा सुलटं होईपर्यंत जो वेळ उरतो तो एक्स्टिंक्शन कोन, गॅमा. एवढ्या वेळात जुन्या व्हाल्व्हमधल्या थायरिस्टरांनी सावरायचं असतं.

५० हर्ट्झवर एक अंश म्हणजे सुमारे ५५.६ मायक्रोसेकंद. १८ अंश म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद. मोठ्या थायरिस्टरला सावरायला साधारण ४०० मायक्रोसेकंद लागतात असं धरलं तर ते सात अंशांच्या थोडं वर झालं. १८ अंशांवर चालवलं तर हाताशी दहा-अकरा अंश उरतात. सगळी सुरक्षितता एवढीच, अर्ध्या मिलिसेकंदाच्या जरा पुढे.

समजा, जवळच्या एसी लाइनवर फॉल्ट झाला. व्होल्टेज पडलं की करंट सोपवायला जास्त वेळ लागतो, ओव्हरलॅप लांबतो आणि तो गॅमा खातो. एका फेजचा फॉल्ट असेल तर व्होल्टेज शून्याला छेदण्याची वेळच सरकते, आणि हे सरकणं कधी कधी व्होल्टेज पडण्याहून वाईट ठरतं. व्होल्टेज अचानक दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडलं की कम्युटेशन फेल्युअरची शक्यता धरूनच चालतात. जुना व्हाल्व्ह बंद न होता पुन्हा वाहू लागतो. क्रमाने त्याच फेजचा खालचा व्हाल्व्ह चालू होतो. वरचा आणि खालचा दोन्ही चालू, म्हणजे डीसी बाजू शॉर्ट. डीसी व्होल्टेज शून्यावर, डीसी करंट वर, आणि एसी ग्रिडला मिळणारी वीज शून्य.

घाबरण्यासारखं नाही, कारण बहुतेक वेळा फॉल्ट साफ झाल्यावर काहीशे मिलिसेकंदांत सगळं पूर्ववत होतं. पहिलं फेल्युअर पुष्कळदा टाळताच येत नाही, कंट्रोलरला कळेपर्यंत ते घडून गेलेलं असतं. खरी परीक्षा दुसऱ्याची. एकामागोमाग एक फेल्युअर होऊ लागली तर ग्रिडला वीज मिळते-जाते-मिळते अशी हिसकी बसतात आणि शेवटी संरक्षण ध्रुव बंद करतं. मग आधी सांगितलं ते सुरू होतं, सगळा भार एसी लाइनींवर.

मग गॅमा सरळ २५-३० अंश का ठेवत नाहीत?

ठेवता येतो. पैसे लागतात.

डीसी व्होल्टेज गॅमाच्या कोसाइनबरोबर कमी होतं. १८ अंशांचा कोसाइन ०.९५१, २५ अंशांचा ०.९०६. म्हणजे तीच वीज पाठवायला करंट जवळपास पाच टक्के वाढवावा लागतो, किंवा ट्रान्सफॉर्मर आणि व्हाल्व्ह मोठे घ्यावे लागतात. करंट वाढला की तारेतला ऱ्हास वर्गाने वाढतो. शिवाय गॅमा वाढला की रिअॅक्टिव्ह पॉवरची भूक वाढते. ही वीज काम करत नाही, नुसती ये-जा करते, पण व्होल्टेज टिकवायला लागते, आणि ती मेगाव्हारमध्ये मोजतात. थायरिस्टरचा कन्व्हर्टर आधीच आपल्या मेगावॉटच्या पन्नास ते साठ टक्के मेगाव्हार खातो. २५०० मेगावॉटला सव्वाशे कोटी व्हार, म्हणजे १२५० मेगाव्हार, हा किमान आकडा झाला. ती भूक भागवायला आवारात फिल्टर आणि कपॅसिटर बँका लावतात, आणि त्यांची दुसरी डोकेदुखी खाली येतेच.

त्यामुळे व्यवहार असा करतात: नेहमी १७-१८ अंशांच्या आसपास राहायचं आणि गडबडीची चाहूल लागली की तात्पुरता गॅमा वाढवायचा. चाहूल कशी ओळखायची? तिन्ही फेजच्या व्होल्टेजांची बेरीज शून्य राहत नसेल तर एका फेजचा फॉल्ट. तिन्ही मिळून एकदम खाली आली तर तिन्ही फेजचा. ओळख झाल्याबरोबर पुढचे पल्स आधी सोडायचे. हे एक-दोन मिलिसेकंदांत जमलं तर जमलं.

करंट रेक्टिफायर सांभाळतो म्हणतात. इन्व्हर्टर नुसता बसून असतो का?

बसून नसतो, पण नेहमीच्या वेळी तो व्होल्टेज सांभाळतो आणि करंट रेक्टिफायरवर सोडतो. हा श्रमविभाग हुशारीचा आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

दोन्ही टोकांना करंट कंट्रोलर असतात. इन्व्हर्टरला दिलेला करंटचा आकडा रेक्टिफायरपेक्षा मुद्दाम कमी ठेवतात, साधारण दहा टक्क्यांनी. यालाच करंट मार्जिन म्हणतात. रेक्टिफायरला १०० सांगितलं तर इन्व्हर्टरला ९०. लाइनमध्ये १०० वाहत असतात, इन्व्हर्टरच्या कंट्रोलरला वाटतं करंट जास्त आहे, तो आपलं व्होल्टेज वर रेटून करंट अडवायला जातो आणि गॅमाच्या किमान मर्यादेवर जाऊन टेकतो. आपल्याला तो तिथेच हवा असतो. उद्या रेक्टिफायरच्या बाजूचं एसी व्होल्टेज पडलं आणि त्याला १०० देता येईनात, तर करंट ९० पर्यंत घसरतो आणि इन्व्हर्टर करंट हातात घेतो. वीज थोडी कमी होते, शून्य होत नाही. दोन टोकांमधला संपर्क तुटला तरी हे चालतं.

मात्र मार्जिन उलटं व्हायला नको. म्हणून करंटचा हुकूम वाढवायचा असेल तर आधी रेक्टिफायरचा वाढवतात आणि मग इन्व्हर्टरचा. कमी करायचा असेल तर आधी इन्व्हर्टरचा. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं हमखास उलट लिहितात.

आणखी एक खोच आहे. गॅमा स्थिर ठेवला तर करंट वाढल्यावर इन्व्हर्टरचं व्होल्टेज कमी होतं. करंट वाढला, ओव्हरलॅप वाढला, गॅमा तोच ठेवायचा तर पल्स आधी द्यावा लागला, व्होल्टेज उतरलं. समोरचं व्होल्टेज उतरलं की करंट आणखी वाढतो. हा ऋण रोध झाला, आणि ऋण रोध म्हणजे डोलायला आमंत्रण. म्हणून करंट थोडा बदलला तर गॅमाही थोडा बदलू देतात, म्हणजे वक्राचा उतार उलटा होतो. काही ठिकाणी गॅमाऐवजी डीसी व्होल्टेजच स्थिर धरतात. एसी ग्रिड कमकुवत असेल तर हा पर्याय जास्त शांत चालतो.

"कमकुवत ग्रिड" म्हणजे आमच्या शेतातल्या पंपाला व्होल्टेज मिळत नाही तशी का?

जवळपास तशीच, पण मोजायची पद्धत वेगळी. व्होल्टेज कमी असणं म्हणजे कमकुवतपणा नाही. लोड बदलला की व्होल्टेज किती हलतं, त्यावर ग्रिड कमकुवत की भक्कम ते ठरतं. फीडरच्या टोकाला पंप चालू झाला की घरातला दिवा मिणमिणतो, कारण तिथली शॉर्ट सर्किट पातळी (शॉर्ट झालं तर ग्रिड तिथे किती ताकद लावू शकेल त्याचं माप) कमी असते.

एचव्हीडीसीसाठी याचं गुणोत्तर काढतात, तोच शॉर्ट सर्किट रेशो. इन्व्हर्टरच्या बसबारवरची शॉर्ट सर्किट पातळी एमव्हीएमध्ये, भागिले डीसीची वीज मेगावॉटमध्ये. तीनच्या वर आलं तर भक्कम, दोन ते तीन कमकुवत, दोनच्या खाली फारच कमकुवत. पण ते फिल्टर-कपॅसिटर वजा केल्याशिवाय खरी परिस्थिती कळत नाही. उदाहरण घेऊ, आकडे समजुतीसाठी: २५०० मेगावॉटचा इन्व्हर्टर, बसबारवर ७५०० एमव्हीए, आवारात १४०० मेगाव्हारचे फिल्टर. कच्चं गुणोत्तर ३. वजाबाकी करून ६१०० भागिले २५०० म्हणजे २.४४. भक्कम वाटणारी जागा कमकुवत निघाली.

कपॅसिटर घातकी का? कारण त्यांचे मेगाव्हार व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. व्होल्टेज दहा टक्के पडलं की ते ८१ टक्केच देतात, म्हणजे ज्या क्षणी आधार हवा त्याच क्षणी हात आखडता घेतात. उलट डीसी अचानक बंद झाली तर रिअॅक्टिव्ह खाणारा कन्व्हर्टर गेला, पण देणारे कपॅसिटर तसेच. व्होल्टेज उसळी मारतं. ग्रिड जितकी कमकुवत तितकी उसळी मोठी. म्हणून नाजूक जागी नुसते कपॅसिटर न लावता सिंक्रोनस कंडेन्सर (लोडशिवाय फिरत राहणारं मोठं मशीन) किंवा स्टॅटकॉम (मेगाव्हार देणारा-घेणारा इलेक्ट्रॉनिक संच) लावतात. कंडेन्सर जड आणि जुना वाटतो, पण शॉर्ट सर्किट पातळी आणि फिरतं वस्तुमान दोन्ही तोच देतो. माझं मत विचाराल तर त्याला जुनाट म्हणून बाजूला सारणारे घाई करतात.

कमकुवत ग्रिडमधला दुसरा सापळा वीजमर्यादेचा. डीसी करंट वाढवत नेला की वीज वाढते, पण करंटबरोबर एसी व्होल्टेज उतरत जातं. एका बिंदूनंतर करंट वाढवल्यावर वीज कमी होऊ लागते. कंट्रोलरला "इतकी वीज द्यायचीच" असा हुकूम असेल तर तो वीज कमी दिसली म्हणून करंट आणखी वाढवतो, वीज आणखी कमी होते, आणि व्होल्टेज कोसळतं. म्हणून व्होल्टेज पडल्यावर कंट्रोल स्थिर वीज सोडून स्थिर करंटवर उतरवतात.

व्हीडीसीओएल हे काय प्रकरण आहे?

नाव लांबलचक, व्होल्टेज डिपेंडंट करंट ऑर्डर लिमिट, काम साधं: डीसी व्होल्टेज पडलं की करंटचा हुकूमही खाली आणायचा. पडलेल्या व्होल्टेजवर पूर्ण करंट ढकलला तर रिअॅक्टिव्हची भूक तशीच राहते, ओव्हरलॅप लांबच राहतो आणि कम्युटेशन परत फसतं. व्होल्टेज परत आलं की करंट सावकाश वर. किती सावकाश, यावर फार वाद होतात. घाई केली तर दुसरं फेल्युअर, रेंगाळलं तर ग्रिडला वीज उशिरा मिळते आणि बाकीचे जनरेटर डोलतात. भक्कम ग्रिडमध्ये घाई चालते, कमकुवतमध्ये नाही. एकाच सेटिंगने सगळीकडे भागत नाही.

पल्स चुकल्यामुळे ग्रिड अस्थिर होते हे खरं का?

पूर्वी व्हायची. सुरुवातीच्या योजनांत प्रत्येक व्हाल्व्हचा पल्स त्याच्या स्वतःच्या फेजचं व्होल्टेज पाहून सुटायचा. व्होल्टेजमध्ये थोडा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतली जास्तीची लहर) मिसळला की पल्सांमधलं अंतर विषम होई. विषम पल्सांतून नवे हार्मोनिक निघत, ते कमकुवत ग्रिडमध्ये फुगत आणि पल्स आणखी बिघडवत. यावर जॉन एन्सवर्थ यांनी १९६८ मध्ये फेज-लॉक्ड ऑसिलेटरची पद्धत मांडली. पल्स एका स्थिर ऑसिलेटरकडून समान अंतराने सुटणार, व्होल्टेजकडे फक्त हळूहळू बघत राहायचं. आजच्या डिजिटल कंट्रोलमध्येही गाभा तोच.

फर्नेसच्या ट्रान्सफॉर्मरसारखं तिथेही १२ पल्स असतं का?

हो, आणि कारणही तेच. एक पूल स्टार-स्टारवर, दुसरा स्टार-डेल्टावर, मध्ये ३० अंशांचं अंतर. ५ आणि ७ नंबरचे हार्मोनिक एकमेकांना मारतात. उरतात ११, १३, २३, २५, आणि त्यांच्यासाठी फिल्टर.

कुडगीच्या टर्बाइनला यापासून धोका आहे का?

व्यवहारात नाही. डीसीचा करंट कंट्रोलर आणि टर्बाइन-जनरेटरच्या लांब शाफ्टची पीळ देणारी कंपनं एकमेकांना चेतवू शकतात हे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात स्क्वेअर ब्यूट इथे दिसलं. पण हा त्रास मुख्यतः रेक्टिफायरच्या अगदी जवळच्या आणि बाकी ग्रिडशी सैल जोडलेल्या जनरेटरला होतो. कुडगीचे ८०० मेगावॉटचे तीन संच एसी ग्रिडमध्ये घट्ट बसलेले आहेत आणि शेजारी रेक्टिफायर नाही.

काल रात्री लाईट गेली ती यामुळेच का?

नाही हो. फांदी, इन्सुलेटर, ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज, हेस्कॉमच्या ऑफिसला फोन लावा. कम्युटेशन फेल्युअरचा झटका घरापर्यंत पोचला तरी दिवा एकदा लुकलुकण्यापलीकडे तुम्हाला कळणार नाही.

कोल्हापूर आणि बेळगावच्या मध्ये डीसी टाकली असती तर?

दोन शहरांतलं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. हवेतल्या लाइनीत डीसी परवडायला लागते ती साधारण सहाशे-आठशे किलोमीटरच्या पुढे, कारण दोन्ही टोकांची कन्व्हर्टर स्टेशनं महाग असतात. ग्रिड वेगवेगळ्या होत्या तोवर इथेही एखादं बॅक-टू-बॅक टाकता आलं असतं. ते भद्रावतीला झालं. २०१३ नंतर ती गरजच राहिली नाही.

व्हीएससी तंत्र आलं म्हणजे हे सगळं इतिहासजमा झालं ना?

व्हीएससी, म्हणजे व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर, जिथे आहे तिथे कम्युटेशन फेल्युअर तरी झालं. पुगलूरहून केरळातल्या उत्तर त्रिशूरपर्यंत ±३२० केव्ही, २००० मेगावॉटची लाइन २०२१ मध्ये सुरू झाली. काही भाग हवेत आणि काही जमिनीखाली केबलने. तिच्यात आयजीबीटी नावाचे ट्रान्झिस्टर आहेत, ते हवे तेव्हा बंद करता येतात. समोरच्या ग्रिडच्या व्होल्टेजवर अवलंबून राहायला नको. रिअॅक्टिव्ह खाण्याऐवजी देता येतो, आणि तशी सोय केलेली असेल तर अंधारातली ग्रिड उभी करायलाही मदत होते. गंमत पाहा, पुगलूरलाच थायरिस्टरची ६००० मेगावॉटची लाइन येऊन थांबते आणि तिथूनच नवं तंत्र केरळकडे निघतं.

पण अस्थिरतेने फक्त पत्ता बदलला. बहुतेक व्हीएससी, आणि सौंदत्तीच्या डोंगरावरच्या नव्या पवनचक्क्यांचे नि घराच्या गच्चीवरच्या सोलरचे इन्व्हर्टरही, ग्रिडच्या व्होल्टेजचा कोन फेज-लॉक्ड लूपने ओळखतात आणि त्या कोनानुसार करंट ढकलतात. भक्कम ग्रिडमध्ये तो कोन आपल्या ढकलण्याने हलत नाही. कमकुवत ग्रिडमध्ये हलतो. मग इन्व्हर्टर स्वतःनेच हलवलेल्या कोनाच्या मागे धावू लागतो. लूप जितका चपळ तितका धोका जास्त, आणि फार संथ ठेवला तर फॉल्टनंतर कोन सापडायला उशीर. खानापूरच्या आतल्या गावात दुपारी सोलर इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो, तो प्रकार याच्या शेजारचा. फीडर लांब आणि बारीक असतो, तिथे ढकललेली वीज व्होल्टेज वर उचलते.

यावर उपाय म्हणून ग्रिड-फॉर्मिंग नियंत्रण येत आहे. त्यात इन्व्हर्टर कोन शोधत बसत नाही, स्वतः व्होल्टेज आणि कोन धरून ठेवतो, जनरेटरसारखा. अडचण अशी की जनरेटर फॉल्टमध्ये आपल्या क्षमतेच्या कितीतरी पट करंट काही क्षण देतो. आयजीबीटीला थोडासाच जास्त करंट सोसतो. मर्यादा लागली की "व्होल्टेज धरून ठेवीन" हे वचन मोडावं लागतं, आणि त्या क्षणी काय करायचं यावर प्रत्येक उत्पादकाचं उत्तर वेगळं आहे. वेगवेगळ्या उत्पादकांचे कन्व्हर्टर एकाच भागात आले की एकमेकांना कसे वागवतील हे आधी सिम्युलेशन केल्याशिवाय सांगता येत नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सुरुवात कुठून करावी?

सिग्रे या वीजक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं १९९१ चं बेंचमार्क मॉडेल घ्या: ५०० केव्ही, १००० मेगावॉट, १२ पल्स, दोन्ही बाजूंना शॉर्ट सर्किट रेशो २.५, म्हणजे मुद्दामच कमकुवत. पीएसकॅड या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते उदाहरण म्हणून मिळतं, मॅटलॅबमध्येही उभं करता येतं. आधी काही न बदलता चालवा आणि गॅमाची नोंद ठेवा. मग इन्व्हर्टरच्या बसबारवर एका फेजला रोधातून फॉल्ट द्या आणि रोध कमी करत जा. कुठल्या रोधाला पहिलं फेल्युअर होतं ते लिहून ठेवा. तोच फॉल्ट व्होल्टेजच्या लाटेवर वेगवेगळ्या क्षणी देऊन पाहा, कारण उत्तर बदलतं आणि मुलं हे करायचं सोडून देतात. त्यानंतर व्हीडीसीओएल काढून टाका, परत चालवा. शेवटी गॅमाचा हुकूम १५ वरून २२ पर्यंत एकेक अंशाने वाढवा आणि प्रत्येक वेळी किती मेगाव्हार जास्त लागले तेही शेजारी लिहा. हे दोन रकाने एका आलेखावर आले की व्हायव्हामध्ये सर काय विचारणार ते तुम्हाला आधीच कळलेलं असेल.